सातव्या पुडीतली माती

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पोलीस उपनिरीक्षक हर्षा बोरकरचा फोन वाजला. ठाण्यातून शिपाई सूरज बोलत होता.

"मॅडम, आंबेटोल्यातली एक पोट्टी कालपासून घरी आली नाही. रुचिका नाव आहे, अकरावीत शिकते. आता नदीच्या काठावर तिची बॅग आन् चपला भेटल्या."

"पाण्यात कोणी उतरलंय?"

"अख्खा गाव उतरला आहे जी."

हर्षा चहा तसाच ठेवून निघाली. नाकाडोंगरीच्या पुढे रस्त्यावर धुकं होतं. जंगलाच्या कडेला वनखात्याचा नवा फलक उभा होता: वाघाचा वावर आहे, एकट्याने जाऊ नये.

आंबेटोल्याजवळ बावनथडी नदी वळण घेते. फेब्रुवारीत पाणी गुडघ्याच्या वर नसतं. पण वळणावर एक डोह आहे, त्यात आठ हातांचा बांबूही बुडतो. त्या डोहात दहा-बारा माणसं हातात हात धरून तळ चाचपत होती. कोणाच्या पायाला काही लागलं की सगळे थांबत, तो खाली वाकून लाकडाचा ओंडका वर काढी आणि रांग पुन्हा पुढे सरके.

रुचिकाची आई मंदाबाई वाळूवर बसली होती. डोळे कोरडे. नजर त्या रांगेवर.

हर्षा तिच्याशेजारी उकिडवी बसली. "ताई, पोहता येतं तिला?"

"नाही जी. म्हणून तं ते पाण्यात जातच नाही. बांबूवरचं माप काठावरूनच वाचे."

"कसलं माप?"

उत्तर मागून आलं. "माझ्या विषयाचं, मॅडम." भूगोलाचे मनिष सर मोटरसायकलवरून नुकतेच उतरले होते. तिशीचा माणूस, पण त्या सकाळी ओठ पांढरे पडलेले. "अकरावीला प्रत्येकानं स्वतःचा विषय घेऊन क्षेत्रभेटीचा प्रकल्प करायचा असतो. बाकीच्यांनी बाजार घेतला, बसस्थानक घेतलं. हिनं नदी ते डोंगर अशी सरळ रेघ घेतली. अडीच किलोमीटर. त्यावर दहा ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी एक फूट खोल खड्डा करायचा, मातीची पुडी भरायची. आणि रोज सकाळी नदीतला हा बांबू."

काठाजवळच्या उथळ पाण्यात एक बांबू रोवलेला होता. त्यावर लाल रंगाने आकडे लिहिले होते.

"त्याचा फोटो ती मला रोज पाठवते. पावणेआठच्या आत. काल सकाळी आला नाही. रविवार होता, मी लक्ष दिलं नाही. संध्याकाळी पाच बेचाळीसला आला." त्यांनी फोन पुढे केला.

फोटोखाली लिहिलं होतं: सर, आता नदीवर आहे. मोजमाप चालू आहे. घरी जायला उशीर होईल.

"फोन तिचा स्वतःचा?"

"घरात एकच आहे जी," मंदाबाई म्हणाली. "तेच घेऊन जाते. कुलूप नाही त्याले, मले उघडता येत नाही म्हणून."

"तो फोन सापडला?"

"नाही."

हर्षा फोन हातात धरून बांबूसमोर उभी राहिली. ऊन नुकतंच पडलं होतं. पाणी, पलीकडे उत्तरेला मध्य प्रदेशातली मोहाची झाडं, बांबू, बांबूची लांब सावली डाव्या हाताला वाळूवर आडवी. फोटोतही हेच. पाणी, मोहाची झाडं, बांबू, डावीकडे सावली. जणू फोटो आत्ताच काढला होता.

काहीतरी खटकलं. का, ते तिला कळलं नाही. फोटोत आणि समोर काहीच फरक नव्हता, एवढंच.

"बॅग कोणी पाहिली पहिल्यांदा?"

"मी." डोहातून एक उंच, वाकलेला माणूस बाहेर आला. वय पन्नाशीचं. कपडे अंगाला चिकटलेले, दात वाजत होते. "भैय्याजी म्हणतात मले. ह्या पोट्टीचा चुलतकाका."

मंदाबाई म्हणाली, "हे माणूस रात्रभर पाण्यात आहे, मॅडम. हिचे बाबा गेले तवापासून भाऊजीच आमचं वावर पाहतात. मोजायची फीत धरायले बी तेच जात तिच्यासंगं."

भैय्याजीने खांद्यावरचा दुपट्टा ओढून डोळे पुसले. गालावर एक काळी रेघ उमटली.

"बॅग कधी दिसली?" हर्षाने विचारलं.

"आज पहाटे. साडेपाच झाले असन. त्या झुडपाच्या मागं."

"रात्री दिसली नाही?"

"अंधारात कायची दिसते जी. सांजच्या पोट्टी आली नाही म्हणून वहिनी माझ्याकडं आली. मी सरांले फोन केला. सर म्हणाले नदीवरून फोटो आला. मंग आमी सगळे इकडंच आलो."

"काल दिवसभर तुम्ही कुठे होतात?"

"घरीच. अंगात कसकस होती."

"शेतात गेला नाहीत?"

"चार-पाच दिवस झाले, गेलोच नाही."

काठावर उभ्या असलेल्या एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. तिचं नाव जनाबाई. "वाघानं तं नाही नेली? पंधरा दिवस झाले, त्याचा आवाजबी नाही. दबा धरून बसला असन."

"वाघ नाही आता इकडं," भैय्याजी म्हणाला. "उगाच वहिनीले भेवाडू नको."

हर्षाने बॅग उचलली. आत दोरी, फीत, कंपासपेटी, लिंबाच्या रसाची छोटी बाटली, वही. वहीचं शेवटचं लिहिलेलं पान सात फेब्रुवारीचं, शनिवारचं होतं. त्यानंतरचं पान मुळापासून फाडलेलं होतं.

बॅग खाली ठेवली तेव्हा तिचा तळहात काळा झाला होता. चमकदार, काजळीसारखा काळा. वाळूत घासला तरी निघाला नाही.

"सर, हे काय असेल?"

मनिष सरांनी बोट फिरवून पाहिलं. "मँगनीजची भुकटी दिसते. पण हिच्या रेघेत खाण येत नाही. डोंगराच्या त्या अंगाला एक जुनी बंद खाण आहे. तिकडे जायचं नाही, असं मी परवानगीच्या पत्रावर लिहून दिलं होतं."

"ती ऐकणारी आहे?"

"ती काठावरून माप वाचणारी मुलगी आहे, मॅडम."

डोहातून कोणीतरी हाक मारली. सगळे वळले. पायाला काहीतरी मऊ लागलं होतं. मंदाबाई उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली. वर आलं ते एक फाटलेलं पोतं होतं, रेतीने भरलेलं.

त्या पोत्याकडे पाहून सूरज हळूच म्हणाला, "मॅडम, एक गोष्ट आहे. गावात सचिन म्हणून ट्रॅक्टरवाला आहे. हिच्या फोटोत त्याचा चोरट्या रेतीचा ट्रॅक्टर येत होता. मागच्या महिन्यात त्यानं हिचा बांबू उपटून फेकला होता. म्हणाला होता, पुन्हा फोटो काढला तं पाह्यजो. आज पहाटेपासून तो घरी नाही."

नऊ वाजता सचिनला बपेरा गावाहून आणलं. मावशीच्या घरात धानाच्या कोठीमागे बसला होता. पंचविशीचा पोरगा, घामाने भिजलेला. हर्षाने त्याला जीपच्या मागच्या सीटवर बसवलं आणि दार लावून घेतलं.

"पळालास काहून?"

"भेव वाटला."

"कशाचा?"

त्याने बाहीने कपाळ पुसलं.

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"घरी."

"तुझी आई म्हणते नव्हतास. सचिन, मुलगी सापडली नाही तर हे सगळं तुझ्यावर येणार आहे. एकदाच विचारते."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "नदीवरच होतो. चार वाजतापासून सात वाजेपर्यंत. रेती भरून राहिलो होतो. बांबूपासून पन्नास पावलावर. सांगतलं असतं तं रेतीच्या केसमंदी मीच फसलो असतो."

"आणि रुचिका?"

"आली नाही जी. माय शपथ. तिच्यावर नजर ठेवूनच तं बसलो होतो, फोटो काढन म्हणून. कोणीच आलं नाही. सहा-सव्वासहाले भैय्याजी काका दिसले, झुडपाकडं. मले वाटलं शौचाले आले असन."

स्वतःला वाचवायला माणूस खोटं बोलतो. हा स्वतःला अडकवून बोलत होता.

हर्षाने त्याला जीपमध्येच बसवून ठेवलं आणि बॅग उचलून, मंदाबाई आणि मनिष सरांना सोबत घेऊन मंदाबाईच्या घरी गेली.

दोन खोल्यांचं घर. रुचिकाच्या खाटेजवळ भिंतीला वहीची पानं जोडून केलेला नकाशा चिकटवला होता. खाली निळी नदी, वर हिरवा डोंगर, मधून पेन्सिलीची सरळ रेघ. रेघेवर दहा ठिपके. पहिला नदीकाठी, दुसरा-तिसरा धानाच्या बांध्यांत, चौथा तलावाच्या पाळीवर, पाचवा गावठाणात. खिडकीत प्लास्टिकच्या सहा पुड्या ओळीने ठेवल्या होत्या. पांढरी रेती, राखाडी चिकण, पिवळट, तांबूस. प्रत्येकीवर आकडा, तारीख, वेळ.

"सातवी कुठे आहे?" हर्षाने विचारलं.

"काल सातव्याचीच पाळी होती जी," मंदाबाई म्हणाली. "सकाळी नदीवर जाऊन आली, भाकर खाल्ली आन् दहा वाजता निघाली. खुरपी आन् खणायची लोखंडी सब्बल घेऊन. भाऊजीले ताप होता म्हणून एकटीच गेली. मी म्हटलं, पुढच्या रविवारी जाजो. म्हणे, नाही माय, एक रविवार गेला तं सगळं मागं पडते."

"बॅगेत खुरपी नव्हती. सब्बलही नव्हती."

मंदाबाईने तिच्याकडे पाहिलं.

हर्षाने बॅग पुन्हा उघडली, कंपासपेटी काढली. झाकण लागत नव्हतं. आत, कर्कटकाच्या खाली, दाबून बसवलेली एक पुडी होती. तिच्यावर ओले हात लागून फिसकटलेली अक्षरं: ७. रविवार ८ फेब्रुवारी. सकाळी ११.२०.

पुडी अर्धीच भरलेली होती. तपकिरी माती, आणि तिच्यात पांढरे खडे.

"चुनखडी असेल," मनिष सर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला, जणू त्यात थोडा आधार होता. "त्यासाठीच लिंबाची बाटली दिली आहे मुलांना. चुनखडीवर रस टाकला की फेस येतो."

त्यांनी एक खडा बशीत ठेवून वर चार थेंब टाकले. फेस आला नाही. खडा कडेने विरघळायला लागला. दुसरा खडा हर्षाने पाण्याच्या पेल्यात टाकला, हलवला, बोट बुडवून जिभेला लावलं.

मीठ होतं.

वावरात एक फूट खाली जाडं मीठ कोण घालतं, आणि कधी घालतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मढं पुरताना घालतात.

मंदाबाईने भिंत धरली. "मॅडम..."

"नाही ताई," हर्षाने तिचे खांदे पकडले. "नीट ऐका. ही पुडी तिनं स्वतःच्या हातानं भरली. तिथं जे काही पुरलंय, ते तिच्या आधीपासून होतं. तुमची मुलगी त्या खड्ड्यात नाही."

हे तिने ठामपणे सांगितलं. ती दुसऱ्या कुठल्या खड्ड्यात नाही, हे मात्र तिला सांगता आलं नाही.

"सातवा ठिपका कोणाच्या वावरात येतो?"

"भाऊजीच्या. जंगलाच्या कडेले लाखोरीची डाळ पेरली आहे त्याहिनं."

हर्षा अंगणात आली. मनिष सरांच्या फोनमधला फोटो तिने पुन्हा उघडला. मग उत्तरेकडे तोंड करून उभी राहिली आणि जमिनीवरच्या स्वतःच्या सावलीकडे पाहिलं. साडेनऊ वाजले होते. सावली डावीकडे पडली होती.

तिने सूरजला बाजूला घेतलं. "सरांना घेऊन जुन्या खाणीवर जा. मागच्या रस्त्यानं. गावात कोणाला सांगू नको. तिथे बंद करता येईल अशी एखादी खोली आहे का?"

"बारूदघर आहे जी. सुरुंगाची दारू ठेवत त्यात."

"तिथेच जा. आणि सूरज, पळत जा."

मग ती नदीवर गेली. भैय्याजी पुन्हा डोहात उतरला होता. तिने त्याला बोलावलं. "चला, जरा तुमची लाखोरी पाहून येऊ."

"वावरात काय आहे जी? पोट्टी तं नदीत..."

"पाहू तर."

वाटेत तो तीनदा थांबला. एकदा पायात काटा म्हणून, एकदा ताप म्हणून, एकदा काहीच न सांगता. मागून दोन शिपाई फावडी घेऊन येत होते. त्यांच्या मागे, घरी थांबायला सांगूनही, मंदाबाई येत होती. तिला कोणी परत पाठवू शकलं नाही.

लाखोरी गुडघाभर उंच होती, निळ्या फुलांनी भरलेली. जंगलाच्या बाजूला धुऱ्याच्या बांधाजवळ खाटेएवढा एक तुकडा उघडा होता. माती भुसभुशीत. एका कोपऱ्यात वीतभर रुंद खड्डा घाईने बुजवलेला. त्यापासून दोन हातांवर, लाखोरीच्या वेलांत, लाकडी मुठीची खुरपी पडली होती.

मंदाबाईने ती ओळखली. उचलली नाही. तशीच उभी राहिली.

"भैय्याजी," हर्षा म्हणाली, "तुम्ही सांगता की मी सांगू?"

तो जमिनीकडे पाहत होता.

"मग मी सांगते. चुकलं तर थांबवा. काल सकाळी रुचिका नदीवर गेली, नेहमीसारखा बांबूचा फोटो काढला. रेंज नव्हती किंवा विसरली, पाठवायचा राहिला. सव्वाअकराच्या सुमाराला ती इथे खणत होती. तेवढ्यात तुम्ही आलात. ताप नव्हता तुम्हाला. तिची रेघ तुम्हीच फीत धरून आखली होती, सातवा ठिपका कुठे येतो ते तुम्हाला ठाऊक होतं. ताप सांगितला तो ती एकटी येणार नाही या आशेनं. ती तरी आली."

भैय्याजीने दुपट्टा मुठीत आवळला.

"तिचा फोन तुम्ही घेतला. पाच बेचाळीसला त्यातला सकाळचाच फोटो सरांना पाठवला, की सगळा गाव नदीवर जाईल. कुलूप नाही, कोणालाही उघडता येतो. पण फोटोत बांबूची सावली डावीकडे आहे. तिथं तोंड उत्तरेला असतं, डावी बाजू पश्चिम. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला. संध्याकाळची सावली उजवीकडे पडायला हवी. आज सकाळी मी त्या जागी उभी राहिले तेव्हा फोटो आणि समोरचं सगळं एकसारखं होतं. एकसारखं होतं, हीच चूक होती."

"मॅडम, मी..."

"सचिन चार ते सात तिथेच रेती भरत होता. रुचिका आली नाही, तुम्ही आलात. तेव्हा बॅग ठेवलीत आणि पहाटे तुम्हीच शोधून काढलीत. वहीचं पान फाडलंत. कंपासपेटीत पुडी असेल हे सुचलं नाही. आणि जनाबाईंनी वाघाचं नाव काढलं तेव्हा तुम्ही म्हणालात, वाघ आता इकडे नाही. वनखात्याचा फलक अजून उभा आहे. अख्खं गाव घाबरतंय. वाघ नाही हे एकट्या तुम्हालाच कसं ठाऊक?"

तिने शिपायांना खूण केली. चौथ्या-पाचव्या फावड्याला मिठाचा पांढरा थर लागला. त्याखाली ओलसर, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं कातडं. वास असा आला की एक शिपाई तोंड फिरवून धुऱ्यावर जाऊन बसला.

भैय्याजी खाली बसला. मग त्याचं बोलणं सुरू झालं ते थांबेना.

"डुकरासाठी करंट सोडला होता जी. दरवर्षी सोडतो, सगळेच सोडतात. सकाळी येऊन पाह्यलो तं हा. एकट्यानं पुरला. पंधरा दिवस झोप नाही. आन् ह्या पोट्टीनं नेमकी तिथंच सब्बल मारली. मी आलो तं ते खड्ड्यात वाकून पाहून राहिली होती. म्हटलं, बाई, कोणाले सांगू नको, जेलात जाइन मी. तं म्हणे, काका, माझ्या वहीत लिहावं लागते. सातव्या ठिकाणी काय भेटलं ते लिहावंच लागते."

"आणि मग?"

"मी तिले मारली नाही, वहिनी." तो मंदाबाईकडे वळला. "बोटबी लावला नाही. सब्बल हातात घेतली फक्त. म्हटलं, चाल पुढं."

मंदाबाई दोन पावलं जवळ आली. तिचा आवाज इतका हळू होता की शिपायांनाही नीट ऐकू आला नाही. "भाऊजी, रात्रभर माझ्यासमोर पाण्यात कायले शोधत होता तुमी?"

त्याने दुपट्ट्यात तोंड लपवलं.

"बारूदघरात आहे ना ती?" हर्षाने विचारलं. "तुमच्या दुपट्ट्यावर तिथली काळी भुकटी आहे. बॅगेच्या बुडालाही आहे. नदीत रेती, वावरात लाखोरीची माती. काळी माती या भागात एकाच जागी आहे."

त्याने मान हलवली.

"ठीक. आता शेवटचा प्रश्न. आज काय करणार होता तिचं?"

त्याने मातीत बोटं खुपसली. "मले ठाव नाही जी. देवाशपथ ठाव नाही. पाण्यात उभा राहून रात्रभर तेच मनात येऊन राहिलं होतं. माझा मलेच भेव वाटून राहिला होता."

तेवढ्यात हर्षाचा फोन वाजला. सूरज होता. आवाज तुटत होता.

"मॅडम, बारूदघराची कडी बाहेरून लावलेली आहे. समोर मोठे दगड. पाच मिनिटांपासून आवाज देऊन राहिलो. आतून काहीच नाही."

"दगड काढ."

"काढून राहिलो जी. सरांचे हात फुटले. पण आत हालचाल नाही. मॅडम, श्वासाचाबी आवाज..."

फोन कटला. हर्षाने परत लावला. रेंज नव्हती. तिने धुऱ्यावर चढून पाहिलं, पुन्हा लावला. मंदाबाई तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती, आणि हर्षाला आपला चेहरा कुठे ठेवावा ते कळेना. खड्ड्यातला वास अंगावर येत होता. भैय्याजी काहीतरी पुटपुटत होता, एकच वाक्य पुन्हा पुन्हा: पाणी ठेवलं होतं, मी पाणी ठेवलं होतं.

सहा मिनिटं गेली. हर्षाने ती घड्याळात पाहिली म्हणून सहा, नाही तर कोणी विचारलं असतं तर तिने तास सांगितला असता.

फोन वाजला.

"आहे जी," सूरज म्हणाला. मागून मनिष सरांचा आवाज ऐकू आला, रुचिका, बाळ, मी आहे, मनिष सर आहे, बघ इकडे. मग सूरज पुन्हा म्हणाला, "जिती आहे. कोपऱ्यात बसली होती. पाय मुरगळला आहे. सरांले पाह्यलं तवा कुठं रडली."

मंदाबाईने फोन हिसकावून घेतला. नुसती कानाला लावून उभी राहिली.

दुपारी तुमसरच्या दवाखान्यात रुचिकाला सलाईन लावलं होतं. केसांत, नखांत, डोळ्यांच्या कडांना अजून ती काळी भुकटी होती. आई उशाशी बसून ओल्या फडक्याने एकेक बोट पुसत होती. भैय्याजीला ठाण्यात नेलं होतं. वनखात्याची माणसं लाखोरीत पोचली होती. सचिनने स्वतःहून रेतीचा जबाब लिहून दिला होता.

हर्षा खाटेच्या पायथ्याशी बसली. जबाब नंतर घेता आला असता. पण एक गोष्ट तिला सकाळपासून टोचत होती.

"रुचिका, सूरजनं इतक्या हाका मारल्या. तुझे सर तुला नावानं हाक मारत होते. तू एकदाही ओ का दिली नाहीस?"

मुलीने दाराकडे पाहिलं. ते उघडं आहे याची खात्री केली. मग बोलली, कुजबुजल्यासारखी.

"दार जाड आहे, मॅडम. आवाज कोणाचा आहे ते समजत नव्हतं." ती थांबली. "काल मी खूप ओरडली. जवा जवा ओरडली तवा काकाच आले. दार उघडत नव्हते. बाहेर उभे राहून म्हणत, बाई, ओरडू नको, मले काहीतरी करावं लागन. म्हणून मंग मी ओरडणं बंद केलं."